'मले'चं 'मला'

वऱ्हाडच्या सांगीतिक इतिहासात 'कोरडवाहू' या रॉक बँडचं स्थान अढळ आहे. अढळ अशासाठी, की ते नेमकं कुठं आहे हे कुणालाच माहीत नसल्यामुळे ते हलवायला कुणी येत नाही. आमचा बँड पंचवीस वर्षं टिकला. तो मोडला कधी हे मात्र सांगता येत नाही. बँड मोडल्याचं जाहीर करायला निदान एक कार्यक्रम लागतो, आणि शेवटी शेवटी तोच मिळेनासा झाला होता.

डिसेंबर लागला की अमरावतीत माझ्या घरामागच्या कॉलेजच्या मैदानावर मांडव पडतो आणि कुणीतरी सकाळपासून माईकला हॅलो हॅलो करत बसतं. माईक कधीच उलट हॅलो म्हणत नाही, तरी दरवर्षी नवा मुलगा तितक्याच आशेनं हाक मारतो. हा गॅदरिंगचा मोसम. स्नेहसंमेलन हा शब्द फक्त पत्रिकेवर छापायचा. तोंडानं गॅदरिंगच म्हणायचं. सकाळी अंगावर शाल, दुपारी अंगावर शर्टही नको वाटावा असं ऊन. बाजारात संत्र्यांचे ढीग, हातगाड्यांवर उकडलेल्या तुरीच्या शेंगा, आणि अकोल्याच्या रस्त्यानं कापसाच्या गाड्या गेल्या की कडेच्या बाभळींना लटकून राहिलेले पांढरे पुंजके. एकेकाळी हा सगळा मोसम आमचा होता. वर्षातले उरलेले महिने आम्ही कसलेतरी नोकरदार आणि दुकानदार असायचो. डिसेंबर-जानेवारीत रॉक बँड असायचो.

गाणारा मिलिंद. अकोल्यात त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, तांब्याची तार नव्यानं गुंडाळायची. गिटार शोएबची, ड्रम बंडूचे, दोघंही अकोल्याचे. बेस गिटार माझ्याकडे, कारण तिला तारा चारच असतात. मी ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवत असे, म्हणून तिघंही मला मास्तर म्हणायचे. गाणी लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे, असा माझा समज होता. माझ्या गाण्यांत क्षितिज होतं, काळोख होता, दोन ठिकाणी अस्तित्वही होतं. शोएब म्हणायचा, "मास्तर, गाना अच्छा है, बस कोई मिले नहीं उस में." म्हणजे गाण्यात माणूस नाही. मी ते कौतुक म्हणून घेत असे.

नावाचे घोटाळे फार झाले. आमच्याकडे बँड म्हणजे वरातीचा बँड, आणि स्टेजवर गाणी म्हणतो तो ऑर्केस्ट्रा. तिसरा प्रकार लोकांच्या डोक्यात नव्हता. मूर्तिजापूरच्या एका गृहस्थांनी मुलीच्या लग्नासाठी चौकशी केली, तेव्हा बंडूनं त्यांना समजावून सांगितलं की आमी एका जागी उभं राहून वाजवतो. ते म्हणाले, "मंग नवरदेव मांडवात येईन कसा?" या प्रश्नाचं उत्तर रॉक संगीताकडे नव्हतं. एका कृषी मेळाव्यात तर नाव वाचूनच आम्हाला बोलावलं होतं. पत्रिकेत छापलं होतं: 'कोरडवाहू, अमरावती-अकोला : मार्गदर्शन'. समोर चारशे शेतकरी वही-पेन घेऊन बसलेले. शोएबनं तारेची पहिली किंचाळी मारली तशी पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं शांतपणे वही मिटली. बाकीचे मात्र शेवटपर्यंत बसले. जेवण कार्यक्रमानंतर होतं.

हे सगळं मी गमतीनं सांगतो आणि लोक हसतात. कार्यक्रमांच्या गमती सांगत राहिलं की माणसाला एका हिवाळ्याबद्दल बोलावं लागत नाही.

तो बँडचा सहावा की सातवा हिवाळा. मिलिंदचा थोरला भाऊ पुण्याकडच्या कारखान्यात लागला होता आणि त्यालाही घेऊन जायला आला होता. अकोल्याच्या एसटी स्टँडवर दोघं उभे. भावानं दोन तिकिटं काढलेली. मिलिंद पोचवायला म्हणून आला आणि तिथंच म्हणाला, "मले याचं नाई, तू जाय." भाऊ म्हणाला, "कावून?" मिलिंदला कारण सांगता येईना. गाडी सुटली. तो तसाच चालत दुकानात आला, आणि आम्ही संध्याकाळी सरावाला जमलो तेव्हा त्याच्याजवळ गाणं होतं.

*गाडी आली तं येऊ दे,*
*हारन वाजला तं वाजू दे,*
*मले याचं नाई, तू जाय.*

एवढंच. पुढं आणखी काही ओळी होत्या, त्यातही क्षितिज नव्हतं. मिलिंदचे वडील जयंतीच्या कार्यक्रमांत भीमगीतं म्हणायचे, माईक मिळाला तर माईकवर, नाही मिळाला तर तसंच. आवाज चौकाच्या दुसऱ्या टोकाला कसा पोचवायचा ते मिलिंद त्यांच्याकडून शिकला होता. 'मले'मधला 'ले' तो असा फेकायचा, की जणू समोर खरंच कुणी गाडीचं दार धरून उभं आहे. मी घरी आईशी, भावाशी, शेजाऱ्यांशी आयुष्यभर 'मले'च म्हणत आलो होतो. तो शब्द इतका मोठा असू शकतो हे मला त्या दिवशी कळलं, आणि मास्तर असल्यामुळे थोडं खटकलंही. वर्गात हाच शब्द निबंधात आला की मी त्याखाली लाल रेघ मारत होतो.

मूर्तिजापूरच्या एका कॉलेजच्या गॅदरिंगला ते गाणं पहिल्यांदा म्हटलं. दुपारचे दोन वाजलेले. आमचे सगळे कार्यक्रम दुपारचेच, कारण खेड्यावरच्या मुलींना पाचची गाडी पकडायची असायची. रॉक संगीत जगभर अंधारात आणि रंगीत दिव्यांत चालतं म्हणतात. आमचं उन्हात चालायचं, आणि पहिल्या रांगेतली माणसं कपाळावर हात धरून आमच्याकडे पाहायची. दुसरं कडवं सुरू झालं आणि लाइट गेली. भारनियमनाचे दिवस, वेळापत्रकाप्रमाणेच गेली होती, आम्ही वेळापत्रक पाहिलं नव्हतं. गिटार मुकी झाली, माझी बेस तर होती की नव्हती तेही कुणाला कळलं नसेल. बंडूचे ड्रम चालू राहिले, त्यांना वीज लागत नाही. आणि मिलिंद थांबला नाही. माईक बाजूला करून स्टेजच्या काठावर आला आणि म्हणाला, "मले याचं नाई." मागच्या, सायकली लावल्या होत्या तिकडच्या घोळक्यातून कुणीतरी ओरडलं, "कावून?"

सगळे हसले. पुढच्या वेळी ओळ आली तेव्हा पन्नास जणांनी विचारलं, "कावून?" त्याच्या पुढच्या वेळी सगळ्या मैदानानं. मुली, प्राध्यापक, शेंगावाला. मिलिंद म्हणायचा मले याचं नाई, आणि हजारभर माणसं त्याला विचारायची कावून, आणि तो काही कारण न देता पुन्हा तेच म्हणायचा. अर्ध्याअधिक घरांतलं कुणी ना कुणी पुण्याला गेलेलं होतं त्या गावात. लाइट आली तेव्हा एकजण चिडून म्हणाला, "बंद कर बे ते." मी पंचवीस वर्षांत पुष्कळ कार्यक्रम वाजवले, पण खरं सांगायचं तर एकाच कार्यक्रमात होतो, आणि त्यात माझं वाद्य बंद होतं.

त्या मोसमात ते गाणं आमच्यापुढे धावलं. आम्ही अकोल्याला पोचायच्या आधी 'कावून' पोचलेलं असायचं. बाळापूरला कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच मुलं विचारत होती, कावून. त्याची खबर कशी कोण जाणे पुण्यातल्या एका छोट्या ध्वनिमुद्रण कंपनीपर्यंत गेली. महाराष्ट्राच्या निरनिराळ्या भागांतल्या बँडचं एकेक गाणं घेऊन त्यांना एक सीडी काढायची होती. आमचं एक गाणं हवं होतं. न येण्याबद्दलचं गाणं घेऊन आम्ही पुण्याच्या गाडीत बसलो, मी बडनेऱ्याहून, बाकीचे तिघं अकोल्याहून. यातला विनोद त्या वेळी फक्त मिलिंदला कळला. तो खिडकीशी बसून हसत होता.

गाडीत मी वही काढली. मनमाडच्या आसपास मी 'मले'चं 'मला' केलं.

मी तेव्हा बरंच काही बोललो. गाणं सगळ्या महाराष्ट्रापर्यंत जायचं तर भाषा सगळ्यांची हवी. 'ले' ऐकला की तिकडची माणसं विनोदी गाणं समजतील, आपल्याला हसतील. शिवाय 'आ' गायला मोकळा असतो, तोंड उघडतं, शास्त्रसुद्धा तेच सांगतं. मिलिंद म्हणाला, "मास्तर, मोकळंच गायाचं असतं तं घरीच गायलो असतो." मी म्हटलं, "मिल्या, तुला कळत नाही. मी भाषेचा माणूस आहे." शोएब आणि बंडू खिडकीबाहेर पाहू लागले. मिलिंद म्हणाला, "बरं. तुमी शिकेल हा." शिकलेला माणूस या अर्थी. आमच्याकडे हे कधी कौतुकानं म्हणतात, कधी नाही.

एकदा 'मले' गेल्यावर बाकीचं आपोआप गेलं. 'याचं नाई' जाऊन 'यायचं नाही' आलं. 'तं' जाऊन 'तर' आला. 'हारन' मला इंग्रजी वाटला म्हणून मी तिथं 'भोंगा' घातला. भोंगा गिरणीला असतो, एसटीला नसतो, हे मनमाडपासून पुण्यापर्यंत माझ्या लक्षात आलं नाही. आणि 'कावून' काढून 'का' ठेवला. तीन अक्षरांच्या जागी एकच उरलं. रिकाम्या जागेत बंडूनं झांज मारली. ती झांज अजून ऐकू येते. कुणीतरी प्रश्न विचारता विचारता थाळी पाडावी तशी.

मिलिंदनं गाणं दोन वेळा म्हटलं, सुरात, चोख. 'मले याचं नाई' हा नकार होता. 'मला यायचं नाही' हे सत्यनारायणाला येता येणार नसल्याचं कळवलेलं वाटत होतं. मशीनजवळ बसलेला माणूस छान म्हणाला. नंतर चहा पिताना कंपनीच्या गृहस्थांनी सहज विचारलं, "तुमच्याकडे बोलतात वेगळं ना? मी ऐकलं होतं, तुम्ही तुमच्या बोलीत गाता. म्हणून तर बोलावलं." ते अगदी सभ्यपणे बोलले. मी तितक्याच सभ्यपणे उत्तर दिलं, की आम्ही दोन्ही करतो. ज्या हसण्याला मी घाबरलो होतो, ते हसायला पुण्यात कुणी बसलंच नव्हतं. ते माझ्यासोबत बडनेऱ्याहून गाडीत चढलं होतं.

सीडी निघाली. आमचं गाणं नवव्या क्रमांकावर होतं, आणि त्यानंतरची अठरा-एकोणीस वर्षं आम्ही वाजवत राहिलो. लग्नं झाली, मुलं झाली, शोएबचे केस गेले, बंडूनं मंडप-डेकोरेशनचा धंदा काढला आणि ड्रमपेक्षा खुर्च्या जास्त ठेवू लागला. आमचं बरं चाललं होतं असं म्हणता येईल. फक्त ते एक गाणं मिलिंदनं पुन्हा म्हटलं नाही. लोक मागायचे, खाली बसून आरडाओरडा करायचे. तो माईक तोंडाजवळ घेऊन शांतपणे सांगायचा, "ते मास्तरचं गानं हाये. मास्तरले म्हनाले लावा." लोक हसायचे, मीही हसायचो आणि चार तारांपैकी एकीशी काहीतरी करत बसायचो. पुढे घरोघर मोबाइल आले, प्रत्येक कार्यक्रमात दोनशे हात वर व्हायचे, आमची अत्यंत सामान्य गाणीही शेकडो मोबाइलांत जाऊन पडली. ते एक तेवढं पडलं नाही.

मी माफी मागितली का? मागायला पाहिजे होती. नेहमी भेटणाऱ्या माणसाची माफी मागणं फार अवघड जातं. आज नाही तर उद्या असतोच. तीन वर्षांपूर्वी मिलिंदच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, डॉक्टरही खूश होते. आवाज मात्र गेला. आता तो कुजबुजल्यासारखा बोलतो आणि गिऱ्हाइकं त्याच्याशी बोलताना उगाच आपलाही आवाज खाली आणतात, दुकानात कुणी आजारी असल्यासारखा. मिलिंदच्या आवाजातलं ते गाणं जगात एकच आहे, आणि त्यात तो माझे शब्द म्हणतो.

या डिसेंबरात, माईकचं हॅलो हॅलो संपल्यावर, भिंतीपलीकडून ते आलं. पाच-सहा मुलींचे आवाज. *मला यायचं नाही.* मग, *का?* मग कुणीतरी खंजिरी मारली, नेमकी बंडूच्या झांजेच्या जागी.

मी कॉलेजात गेलो. सरावाच्या खोलीत ऋतुजा नावाची मुलगी समूहगीताच्या स्पर्धेसाठी सगळ्यांकडून गाणं बसवून घेत होती. बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला, दर्यापूरकडची. गाणं त्यांना इंटरनेटवर सापडलं होतं. मी त्या बँडमध्ये होतो म्हटल्यावर तिनं आदरानं खुर्ची दिली. मग मी म्हटलं, की त्यात 'मला' नाही, 'मले' आहे.

"नाही सर, ओरिजिनलमध्ये 'मला'च आहे. आम्ही खूपदा ऐकलंय."

"ओरिजिनल चुकलेलं आहे."

"असं कसं चुकेल सर? ओरिजिनल आहे ते."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. घरून होता. "हव माय, मले उशीर होईन. नाई, जेवून घेजा तुमी." तिनं फोन ठेवला. मी म्हटलं, "आत्ता काय म्हणालीस?"

ती जराही गडबडली नाही. "ते घरचं आहे सर. हे स्टेजवरचं आहे."

हे वाक्य मी चांगलं ओळखत होतो. अशी वाक्यं शिकवूनच मी इतकी वर्षं पगार घेतला आहे.

दुसऱ्या दिवशी मी ऋतुजाला घेऊन अकोल्याला गेलो. मिलिंद मोटारीवर वाकला होता. मी सगळं सांगितलं आणि विचारलं, गाणं कसं म्हणायचं ते तू सांग. त्यानं हात पुसले. "मास्तर, मले आता इचारून राहिले तुमी?" कुजबुजत्या आवाजात टोमणा मारता येत नाही असं मला वाटायचं. येतो.

"चुकलंच माझं, मिल्या," मी म्हटलं.

"हव," तो म्हणाला. नाही-नाही, तसं काही नाही, असं म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती त्यानं पाळली नाही. मग तो ऋतुजाकडे वळला. "पोरी, तू भांडते ना घरी? मायसंगं?" ती हो म्हणाली. "मंग तसंच म्हन. गाऊ नोको. 'ले' वर थांब, अन् पाह्य त्याच्याकडे." त्यानं म्हणून दाखवलं. आवाज नव्हता, नुसता श्वास होता, पण तो 'ले'वर थांबला आणि दुकानाच्या दाराकडे पाहिलं, आणि ऋतुजानंही वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून.

निघताना मी त्याला गॅदरिंगला ये म्हटलं. गाडी पाठवतो म्हटलं.

"मले याचं नाई."

"कावून?" माझ्या तोंडून निघालं. तेवीस वर्षं उशिरा, पण बरोबर उच्चारासह.

"दुसऱ्याच्या तोंडून आयकाले मन होत नाई," तो म्हणाला, आणि मोटारीवर वाकला.

गॅदरिंगला मी मागच्या रांगेत बसलो. दुपारचे दोन, तेच कपाळावर हात धरून बसायचं ऊन. ऋतुजानं पहिला 'मले' म्हटला तेव्हा लोक हसले. दुसऱ्यालाही थोडे हसले. मी मिलिंदला फोन लावला आणि हात उंच धरला. तिसऱ्या वेळी ती 'ले'वर थांबली आणि समोर पाहिलं. तिच्या मैत्रिणींनी तोंड उघडायच्या आधी पलीकडच्या एसटी पासवाल्या मुलींच्या बाकांवरून आलं, "कावून?" मग सगळीकडून. मी गाणं संपेपर्यंत हात खाली घेतला नाही. फोन कानाला लावला तेव्हा तो बंद झाला होता. मधेच रेंज गेली होती की मिलिंदनं बंद केला, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.

निकाल चार वाजता लागला. समूहगीत गटात ऋतुजाच्या संघाला तिसरा क्रमांक. परीक्षकांचा शेरा होता : चाल चांगली, शब्दोच्चाराकडे लक्ष द्यावे. गटात संघ तीनच होते.